बाबांच्या हॉटेलात मुली का बसत नाहीत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून तेवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. कॉलेजच्या फाटकासमोर तिच्या बाबांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. सकाळी तर्री पोहे आणि आलुबोंडा, दुपारनंतर चहा आणि कचोरी. तर्री आई करते. मुलगी अमरावतीला बी.कॉम. करून घरी परतली आहे आणि हिशेब तीच बघते. दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर एक कॅफे उघडला: सोफे, रंगीत दिवे, कोल्ड कॉफी, फ्रेंच फ्राइज आणि पडदे लावलेले कप्पे. कॉलेजची मुलं तिकडे वळली, बाबांचा दुपारचा गल्ला निम्म्यावर आला. पुण्यात नोकरी करणारा मोठा भाऊ म्हणतो, जागा बँकेत गहाण टाकून सात-आठ लाख उचलू आणि चहाची फ्रँचायझी घेऊ, आताच्या पोरांना 'व्हाइब' लागते. बाबा म्हणतात, "पोट्टे येतात, चहा पेतात, जातात. आनखी काय पाह्यजे?" मुलीला फ्रँचायझी नको, स्वतःचा कॅफे हवा आहे. तिनं शेवटी विचारलं आहे, 'ताई, आमचं हॉटेल जुनं झालं हे बाबांना न दुखवता कसं सांगू?'

प्रिय मुली,

बाबांना काय सांगायचं ते नंतर बघू. आधी मी तुलाच एक विचारते. अकरावी-बारावी तू याच कॉलेजात काढलीस. त्या दोन वर्षांत मैत्रिणींना घेऊन बाबांच्या हॉटेलात कधी बसलीस? गल्ल्यावर किंवा कपबशा उचलायला नाही. गिऱ्हाईक म्हणून, बाकावर, चहा पुढ्यात घेऊन?

नसशीलच बसली. तू लिहिलंयस की मधल्या सुट्टीत आई मागच्या दारानं पोह्यांच्या प्लेटा द्यायची आणि तुम्ही मैत्रिणी त्या वर्गात नेऊन खायच्या. हे वाक्य तू ओघात लिहून गेलीस, पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला तेच वाटलं. मालकाची मुलगीच जिथे समोरच्या दारानं येऊन बसली नाही, तिथे बाकीच्या मुली कुठून बसणार?

यात बाबांचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या हॉटेलात कुणी कुणाला वाकडं बोलणार नाही, याची मला खात्री आहे. पण आपल्याकडच्या अशा हॉटेलांची मांडणी डोळ्यासमोर आण. दारातच भट्टी आणि कढई. आत जायचं तर तळणाऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. पुढच्या बाकावर पेपर वाचणारे चार जण कायमचे बसलेले, त्यांच्या शेजारी ड्युटी संपवून आलेले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली मंडळी. बाजूला पानठेला, आणि पानठेल्यावर उभ्या असलेल्यांना रस्त्यावरच्या प्रत्येकीकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. इतकं सगळं पार करून सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं कटिंग चहा मागायचा! ती मागत नाही. बाबा म्हणतात 'पोट्टे येतात', ते शब्दशः खरं आहे. पोट्टेच येतात. आणि आज तालुक्याच्या कॉलेजात कला-वाणिज्यच्या वर्गात डोकावलं तर निम्म्या, कित्येकदा निम्म्याहून जास्त मुली दिसतात.

म्हणून त्या कॅफेनं तुमचं गिऱ्हाईक पळवलं हे मला अर्धंच पटतं. पळवलेल्यातल्या निम्म्या जणी तुमच्याकडे कधी आल्याच नव्हत्या. मुलं गेली ती नंतर, आणि का गेली हे तुला मी सांगायला नको.

आता 'जुनं' या तक्रारीकडे येऊ. तुला आणि दादाला वाटतं की हॉटेल जुनं झालं म्हणून चालत नाही. दादा पुण्यात राहतो, त्याला एवढंच विचार की तिथली कॉलेजची मुलं कुठे गर्दी करतात. डेक्कनवरचं कॅफे गुडलक १९३५ सालचं आहे. बन मस्का आणि चहासाठी आजही तिथे पोरांची रांग असते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत जागा मिळावी म्हणून लोक दाराशी ताटकळतात. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस आल्बर्ट हॉल नावाच्या जुन्या इमारतीत १९४२ पासून आहे. उंच छत, वर गरगरणारे पंखे, फेटेवाले वेटर आणि एका कॉफीवर तासन् तास चाललेले वाद. १९५८ साली ते बंद करायचं ठरलं, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आणि कलकत्ता विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते पुन्हा उघडलं. उपाहारगृहासाठी प्राध्यापक सरकारदरबारी जातात, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर हसतील. त्याच काळात सरकारी कॉफी बोर्डानं देशभरातली कॉफी हाउसं बंद करायला घेतली होती आणि कामावरून कमी झालेल्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. आजची इंडियन कॉफी हाउसं त्यातूनच आली.

इतकं लांब कशाला, नागपूरला सकाळी तर्री पोह्यांच्या गाड्यांवर उभं राहून खाणारी मेडिकल-इंजिनिअरिंगची मुलं बघ. ना छप्पर, ना खुर्ची.

जुनेपणानं विद्यार्थी पळत नाहीत. पोहे उभ्यानं खायचे असतील तर मुलांना खुर्चीसुद्धा नको असते. पण बसायचंच असेल, तर ज्या जागेनं त्यांना बसू दिलं, लवकर उठा म्हटलं नाही, खिशात तीसच रुपये आहेत हे बघून तोंड वाकडं केलं नाही, ती जागा त्यांची होते. पुढे नोकरीला लागल्यावर बायको-नवऱ्याला घेऊन ते तिथेच येतात. तुझ्या बाबांकडे यातलं बरंच आहे. उधारीची वही आहे. शिष्यवृत्ती उशिरा येते हे त्यांना माहीत असतं आणि ती येईस्तोवर ते थांबतात. कोणत्या पोराच्या वावरात यंदा बोंडअळी आली हेही त्यांना ठाऊक असतं. सोफा विकत मिळतो, ही माहिती विकत मिळत नाही. मात्र ही सगळी माया आजवर पोरांच्याच वाट्याला आली, इतकंच.

तू कॉमर्सची आहेस, तर थोडं गणित करू. भाव तुझ्या पत्रातलेच घेते. कॅफेत एका टेबलावर चार जणी बसतात. सत्तर-सत्तरच्या दोन कोल्ड कॉफी आणि ऐंशीचे फ्राइज मागवून चौघींत वाटतात. झाले २२० रुपये, आणि बसतात दोन तास. म्हणजे एका खुर्चीमागे तासाला साडेसत्तावीस रुपये. बाबांच्या बाकावर सकाळच्या गर्दीत एक माणूस पंचवीसचे पोहे आणि दहाचा चहा घेतो आणि पाव तासात उठतो. त्याच जागेवर तासाला चौघं होतात. एका जागेचे १४० रुपये. वरून सोफ्याचा हप्ता नाही, एसीचं बिल नाही. आता बाबांना जुनं म्हण बघू!

मात्र दुपारी बारा ते साडेचार तेच बाक रिकामे असतात, हेही तूच लिहिलं आहेस. रिकाम्या बाकाचे शून्य रुपये. शून्यापेक्षा साडेसत्तावीस बरे. तेव्हा सकाळ बाबांची आणि दुपार तुझी, असं का नको? बाबांच्या सकाळच्या धंद्याला हातही लावू नकोस. तो चालतो आहे. तुला जे करायचं ते दुपारच्या चार-साडेचार तासांत कर, आणि त्या बाजूच्या खोलीत, जिथे आता बटाट्याची पोती आणि मोडका कूलर पडलाय. तिला कॉलेजच्या बोळात उघडणारी खिडकी आहे म्हणतेस, तिथे दार होऊ शकेल का ते बघ. त्या एका दारानं भट्टी, पुढचा बाक आणि पानठेला तिन्ही टळतात.

दुपारी येणार कोण, ते बसस्टँडवर जाऊन बघ. आपल्याकडे कॉलेज बारा-साडेबाराला सुटतं आणि खेड्यावर जाणारी गाडी असते तीनला, नाहीतर साडेचारला. मुलं कुणाच्या तरी गाडीवर ट्रिपल सीट निघून जातात. मुली थांबतात. बारावीपर्यंत बऱ्याच जणींना मानव विकासची, म्हणजे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली, निळी बस असते. राज्यातल्या १२५ तालुक्यांत ती शाळेच्या वेळा धरून चालते. पदवीला गेलं की सवलतीचा पास आणि लाल गाडीचं वेळापत्रक हातात उरतं. मग स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, मांडीवर सॅक घेऊन दोन-तीन तास. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे सत्तर रुपये असतात त्या कॅफेत जातात. ज्यांच्याकडे वीस असतात त्या कुठेच जात नाहीत. तुझं गिऱ्हाईक ही वीस रुपयेवाली आहे, आणि ती रोज येईल.

तिला काय लागतं? दिवे लावायच्या आधी संडास बांध. हे वाचून तुझा उत्साह मावळेल, तरी ऐक. गावाहून सकाळी सहाच्या गाडीनं निघालेली मुलगी दिवसभर पाणी बेतानं पिते, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. पाळीच्या दिवसांत अनेक जणी कॉलेजच बुडवतात. आतून नीट लागणारी कडी, बादलीत पाणी, झाकणाची कचराकुंडी, एक आरसा आणि सॅक अडकवायला खुंटी, एवढं असलेली जागा तुमच्या गावात दुसरी कुठे आहे का, सांग बरं? खोली रंगवायला कमी पैसे उरले तरी चालतील. त्यानंतर मोबाइल चार्ज करायला चार-पाच प्लग, माठातलं थंड पाणी विचारल्याशिवाय मिळेल असं, चालणारा कूलर, आणि भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक. ते वेळापत्रक तू स्वतः दर महिन्याला डेपोतून नीट करून आण, कारण स्टँडवरच्या बोर्डावर कुणाचा विश्वास नसतो.

खाण्यात फार डोकं लावू नकोस. आईची तर्री आहेच. हरभऱ्याची ती तर्री, वर कच्चा कांदा, सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), शेव आणि लिंबाची फोड, ही दुपारी अर्ध्या प्लेटमध्येही मिळू दे. थंडीत सांबारवडी आणि कढी, उन्हाळ्यात मठ्ठा आणि पन्हं. कोल्ड कॉफी ठेव. मिक्सर, दूध आणि बर्फ यापलीकडे तिच्यात काही नाही, आणि मुलींनी ती मागितली तर आपण नाक मुरडायचं कारण नाही. मात्र लहान ग्लास ठेव, तीस रुपयांचा. एकीला एकटीनं घेता आला पाहिजे. वाटून घेण्यात मजा असते, पण दर वेळी वाटूनच घ्यावं लागलं की त्यातली मजा जाते.

कप्प्यांबद्दल तू दबकत लिहिलं आहेस, मी सरळ लिहिते. मुलामुलींनी एकमेकांशी बोलावं, एका टेबलावर बसावं, याबद्दल माझी काहीच हरकत नाही. तालुक्याच्या गावात त्यांना बोलायला जागाच नसते, हे दुखणं खरं आहे. पण पडद्याचे कप्पे हा त्यावरचा वाईट तोडगा आहे. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी अशा कॅफेंवर धाडी घातल्या, कप्पे काढायला लावले. त्यांची बदनामी झाली ती झालीच, पण त्याहून मोठं नुकसान मुलींचं होतं. गावात एकदा 'कॅफेत जाते' याचा अर्थ ठरला की चार मैत्रिणींसोबत फ्राइज खायला गेलेल्या मुलीचंही कॉलेज बंद होऊ शकतं. म्हणून तुझ्याकडे मोठी खिडकी असू दे, बाहेरून आतलं दिसू दे. चौघींच्या टेबलावर एखादा वर्गमित्र बसला तर बसू दे. आणि कुणाचा काका गल्ल्यावर येऊन 'आमची पोट्टी कोणाबरोबर बसते' असं विचारू लागला, तर त्याला चहा दे आणि काही सांगू नकोस. हे बाबांशी आधीच बोलून ठेव, कारण तो काका त्यांच्याच ओळखीचा निघणार.

पबचं तू गमतीत लिहिलंस, दादाच्या पुण्याच्या गोष्टी ऐकून. तो विषय आपल्याकडे येत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी आहे, आणि एकूण राज्यातच बिअरसाठी २१ आणि दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. तुझी बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्या आतलीच. सोडून दे.

आता दादाची फ्रँचायझी. त्याच्या डोक्यात नागपूरचा डॉली चायवाला असेल तर मला समजतं. २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सला चहा पाजतानाचा त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यानंतर आपल्याकडच्या प्रत्येक भावाला वाटतं की चहात सोनं आहे. पण त्याची सदरमधली टपरी चालली ती त्याच्या स्वतःच्या हातवाऱ्यांवर. फ्रँचायझीत तू दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा मसाला आणि दुसऱ्याचा बोर्ड विकत घेतेस, आणि पैसे मात्र सगळे तुझे लागतात. करारात तीन गोष्टी शोध: चहा पावडर आणि मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा का आणि काय भावानं, दर महिन्याला विक्रीतला किती हिस्सा द्यायचा, आणि दुकान बंद केलं तर अनामत परत मिळते का. दादाला ही तीन उत्तरं लिहून पाठवायला सांग. त्याच्या उत्साहाचं काय करायचं ते त्यावरून आपोआप ठरेल.

त्यातही एक मोठी अडचण कॅलेंडरची आहे. यूजीसीच्या नियमानं कॉलेजात वर्षाला शिकवण्याचे किमान १८० दिवस व्हायला हवेत. म्हणजे वर्षाचे निम्मे. उरलेल्यात दिवाळी, परीक्षा, निकालाची वाट, आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात यवतमाळात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, कॉलेजच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला ठरलेला. केवळ कॉलेजच्या मुलांवर बेतलेला कॅफे तालुक्याच्या गावात तिथेच मोडतो. समोरचा कॅफेवाला मे महिन्यात काय करतो ते बघितलंस का कधी?

म्हणून सुट्टीतही असतात अशा विद्यार्थ्यांकडे बघ. तुमच्या गावात अभ्यासिका किती आहेत? आपल्याकडे दर तालुक्याला त्या निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरून मुलं-मुली सकाळी सातपासून रात्रीपर्यंत तिथे एमपीएससी, तलाठी, पोलिस भरतीची पुस्तकं घेऊन बसतात. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. पहाटे मैदानावर मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावतात आणि नंतर भुकेनं कासावीस होतात. त्यांना तळलेलं नको असतं. दोन उकडलेली अंडी, केळी, मोड आलेले मूग-मटकी, ग्लासभर दूध. यात नफा थोडा असतो, पण गिऱ्हाईक वर्ष-दोन वर्षं टिकतं. महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन कार्ड देता येईल. बाबांच्या उधारीच्या वहीच्या शेजारी तुझी एक जमेची वही होईल.

आणि बाजाराचा दिवस विसरू नकोस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तालुक्याला एकट्या येणाऱ्या बाया वाढलेल्या तुलाही दिसल्या असतील. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात. त्यांनाही गाडीपर्यंत टेकायला जागा नाही, आणि त्यांनाही पुढच्या बाकावर बसवत नाही. तुझी बाजूची खोली त्यांचीही आहे. त्या येऊ लागल्या की मुलींच्या बसण्याला गावात आपोआप मान मिळेल, हा वरचा फायदा.

आता बाबा. 'हॉटेल जुनं झालं' हे त्यांना सांगूच नकोस, कारण ते खरं नाही. त्यांच्यासमोर खुर्चीचं गणित मांड, आधी त्यांच्या सकाळचं आणि मग दुपारचं. ज्या माणसाला दोन वर्षं 'तुमचं चुकतंय' असं ऐकावं लागलं, त्याला 'सकाळी तुमच्या एका जागेचे एकशेचाळीस होतात' हे पहिल्यांदा ऐकून बरं वाटेल. मग खोली माग. कायमची नको, दिवाळीनंतरच्या सत्रापुरती. पोती हलवायची, भिंतीला चुना, चार टेबलं, संडास, दार. भाड्याची टेबलं-खुर्च्या मंडपवाल्याकडून महिन्याच्या बोलीनं मिळतात, नवीन घेऊ नकोस. चाललं नाही तर बटाटे परत आत. बाबा नाहीच म्हणाले, तर आईला विचार. आणि आईचं निघालंच आहे तर सांगते, तुझ्या हिशेबात तिची पहाटे चारपासूनची मेहनत कुठे धरली आहेस? मला तो आकडा पत्रात दिसला नाही. मदतीला बाई ठेवली असती तर महिन्याला किती गेले असते, तेवढे खर्चात मांड. मग कुठला पदार्थ खरंच परवडतो ते कळेल. दुपारचं काम सुरू झालं आणि तेही तिच्याच अंगावर पडलं, तर तुझ्या कॅफेचा मला काही आनंद नाही.

कर्ज लागलंच तर लहान घे. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत 'शिशु' आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' असे गट आहेत, आणि त्याला तारण लागत नाही. कुणी जागेचे कागद मागू लागलं तर सही करू नकोस, घरी ये. कमाईची जागा सोफ्यांसाठी गहाण टाकायची नसते, यावर मी बाबांच्या बाजूची आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी बाबांच्या नावावर असेल, तिच्यात नवीन पदार्थ आणि खोली बसते का ते विचारून घे. आणि गॅस. हॉटेलात घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर वापरलं जात असेल, तर ते आधी थांबव. १९ किलोचं व्यावसायिक घे. महाग पडतं, पण ज्या खोलीत पन्नास मुली बसणार तिथे ही काटकसर करायची नाही.

झेरॉक्सचं दुकान, स्टेशनरी, मोमोची गाडी, कॉलेजच्या रस्त्यावर काहीही चालवणाऱ्या इतर वाचकांनाही हेच विचारते: तुमच्या दुकानासमोर मुली किती वेळ थांबतात? सामान घेऊन लगेच निघत असतील तर पायरीवर कोण बसलेलं असतं ते बघा. त्याला हलवायला लाख रुपये लागत नाहीत. तो बहुधा तुमचाच मित्र असतो.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण ती ओळींमधून वाचता येते. दादा पुण्यात, तू घरी, हिशेब तुझा, खोलीची कल्पना तुझी. वर्ष-दोन वर्षांत घरात तुझ्या लग्नाचं निघेल आणि तेव्हा चाललेला धंदा कुणाचा, हे कुणीच बोललेलं नसेल. म्हणून खोलीचं काम सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी ठरवून घे. महिन्याला तुझा पगार किती, तो आकडा. 'घरचंच तर आहे' हे उत्तर चालणार नाही. आणि दुपारच्या कामाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, तुझ्या नावानं कर. सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकानं ती फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट तहसीलच्या बाहेर भेटतील, त्यांना काही देऊ नकोस. बाबांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर नोंदणी करताना त्यांनाच शेजारी बसव आणि खोलीचं नाव त्यांना ठरवू दे.

तुझी,
ताई